पुरवणीतला ‘हॅपनिंग’ एरिया आणि आमची रूम

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत नागपुरातल्या ‘हॅपनिंग’ एरियांवर अख्खं पान आलं होतं. चार फोटो, तीन कॅफे आणि खुर्चीवर बसलेलं एक कुत्रं. आमच्याकडे ते पान सोमवारी दुपारी पोचलं कारण पेपरचा गठ्ठा एसटीनं येतो आणि रविवारी ती गाडी आलीच नाही, ते असो. एकदा कटिंगच्या दुकानात नंबर येईपर्यंत वाचलं आणि एकदा घरी आणून वाचलं. धरमपेठ-गोकुळपेठेला म्हणे ‘एक वेगळीच व्हाइब’ आहे. आता व्हाइब म्हणजे काय ते मला कळत नाही असं नाही, माही पोरगी दिवसातून दहा वेळा म्हणते, पण ती व्हाइब येते कुठून यावर त्या पानात एक ओळ नव्हती, आणि त्यातलं थोडंफार मला माहीत आहे म्हणून हे पत्र. लांब झालं आहे. कापायचं झालं तं सुरुवातीचं कापा, शेवटचं ठेवा.

मी दारव्हा तालुक्यातला, कापूस-तूर-सोयाबीनवाला. पण १९८९ ते १९९२ ही तीन वर्षं मी नागपुरात बी.कॉम. केलं आणि त्या तीन वर्षांत राहिलो गोकुळपेठेत, तुमच्या फोटोतल्या दुसऱ्या कॅफेच्या मागच्या गल्लीत. बंगला एका रिटायर्ड साहेबाचा, आणि मागच्या अंगाला नोकरमाणसासाठी बांधलेली आउटहाउसची एक खोली, वर कवेलू, बाहेर नळ, नळाला पाणी सकाळी साडेपाचला. भाडं महिन्याचं एकशेचाळीस रुपये, आम्ही तिघं, एक नेरचा एक दिग्रसचा आणि मी. घरमालकीण काकूंची अट एकच की रात्री दहानंतर फाटक बंद, आणि ती अट आम्ही तीन वर्षं भिंतीवरून उड्या मारून पाळली. जेवायला मेस, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून त्या दिवशी मुरमुरे आणि फल्लीदाणे.

चौकात एक टपरी होती. दोन चहा घेऊन तिघांत करायचे आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत दोन-दोन तास बसायचं, टपरीवाला उठा म्हणायचा नाही कारण त्याचं भाडंच इतकं कमी की आम्ही बसल्यानं त्याचं काही जात नव्हतं. मला आता वाटते की सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे पण तेव्हा कुठं समजत होतं. त्या टपरीवर कोण नव्हतं! साइनबोर्ड रंगवणारा एक पोट्टा यायचा जो रात्री स्वतःची पेंटिंग करायचा, एका बंगल्याच्या रिकाम्या गॅरेजमध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालायच्या तर ते नाटकवाले यायचे, स्पर्धा परीक्षावाले होते, वेगळ्या विदर्भावर भांडणारे होते (ते आजही असतील, विदर्भ काही वेगळा झाला नाही), आणि एक जुन्या पुस्तकांवाला सायकलवर यायचा, तो वाचायला पुस्तक देऊन चार आणे घ्यायचा. आम्ही कोणी त्याला व्हाइब म्हणत नव्हतो. आमच्याजवळ पैसा नव्हता, वेळ होता, आणि बसायला जागा होती. बस एवढंच.

माही पोरगी आर्किटेक्चर शिकली आणि मग प्लॅनिंगचा अभ्यास केला. तिनं कॉलेजात याच विषयावर प्रोजेक्ट केला होता, त्यामुळे आमच्या घरी जेवताना असल्याच गोष्टी चालतात, तिची आई वैतागते. ती सांगते की न्यूयॉर्कची जेन जेकब्स नावाची बाई १९६१ सालीच सांगून गेली की नवीन धंदा, नवीन कल्पना जुन्याच इमारतीत उभी राहू शकते, कारण नव्या इमारतीचं भाडं नव्या माणसाला झेपत नाही. मी म्हटलं, येवढ्यासाठी न्यूयॉर्क कायले पाह्यजे, आमच्या गुजरी बाजारात येऊन पाह्यलं असतं तरी चाललं असतं. दारव्ह्यात नवा धंदा काढणारा पोट्टा आधी जुन्या ओळीतलं पडकं दुकानच पाहतो, नव्या कॉम्प्लेक्सचे गाळे वर्षभर शटर पाडून असतात.

तिनं दाखवलेलं दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्याच सोहोचं. तिथे लोखंडी खांबांचे जुने कारखाने होते, कारखाने गेले, माळे ओस पडले, मग साठच्या दशकात चित्रकार लोक घुसले कारण मोठी चित्रं काढायला मोठी जागा लागते आणि ती तिथे मातीमोल मिळत होती. राहणं बेकायदेशीर, तरी राहिले. १९७१ साली शहरानं कलाकारांपुरतं राहणं कायदेशीर केलं. आज तिथे नावाजलेल्या ब्रँडची दुकानं आहेत आणि चित्रकाराला तिथे झाडू मारायची नोकरी धरली तरी राहता यायचं नाही. म्हणजे ज्यांच्यामुळे भाग नावारूपाला आला ते पहिले बाहेर. लंडनमध्ये इस्लिंग्टन वगैरे भागात कामगारांच्या घरांत हळूहळू पैसेवाले शिरले, तेव्हा रूथ ग्लास या बाईनं १९६४ साली त्याला नाव ठेवलं, जेंट्रिफिकेशन. जेंट्री म्हणजे कोण असं मी विचारलं तर पोरगी म्हणे बाबा, नागपूरकडचे मालगुजार समजा आणि आपल्या वऱ्हाडातले देशमुख समजा. लगेच समजलं.

आपल्या मुंबईत तर याच्याहून कडू झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, आमच्या गावचे दोघं होते, त्यातला एक परत येऊन शेवटपर्यंत दुसऱ्याच्या वावरात राबला. गिरण्या बंद पडल्या. १९९१ चा नियम होता की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली तो बदलून फक्त रिकाम्या जमिनीपुरता केला, आणि गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? शेडच शेड. सुप्रीम कोर्टानंही २००६ मध्ये तो बदल मान्य केला. त्या शेडमध्ये मग पब आले, ऑफिसं आली, चिमणी तेवढी शोभेला ठेवली. लोअर परळ म्हणायची लाज वाटते म्हणून बिल्डर लोक त्याला ‘अप्पर वरळी’ म्हणतात. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण गेले, तेव्हा कुठे लोकांना आठवलं की ही गिरणी होती.

नागपूरची एम्प्रेस मिल तशीच. टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, आमच्या भागातला कापूस पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेला, २००२ ला बंद झाली आणि आता तिथे मॉल आहे. पण एक पाहा, मॉल झाला म्हणून तो एरिया काही ‘हॅपनिंग’ झाला नाही. कोणी म्हणत नाही की चल बे, एम्प्रेसकडे चक्कर मारून येऊ, तिथली व्हाइब भारी आहे. लोक जातात, एसीत फिरतात, पार्किंगची चिठ्ठी देऊन निघून येतात. मॉलमध्ये टपरी टाकता येत नाही, उधारीवर बसता येत नाही. पायी चालत जाणाऱ्या माणसाला मधेच कोणी भेटलं पाहिजे, सावली पाहिजे, खालच्या मजल्यावर दुकान पाहिजे. धरमपेठेत ते होतं. जुनी झाडं, जवळ कॉलेजं, गोकुळपेठेचा भाजीबाजार, आता लोकमान्य नगरकडे जाणारी मेट्रो २०२० पासून शंकर नगर आणि एलएडी चौकात थांबते ते वेगळं, पण मेट्रो यायच्या आधीपासून तिथे लोक उगाच फिरत होते.

आता कोणी म्हणेल की मग महाल आणि इतवारी काहून नाही? भोसल्यांची राजधानी, जुने वाडे, अरुंद गल्ल्या, पायी माणसांची दाटी, आणि खाण्याचं तं विचारूच नका, सावजी हे मुळात कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण, आज पुण्या-मुंबईत बोर्ड लागतात त्याचे. जेन बाईनं सांगितलेलं सगळं तिथे आहे. तरी तुमच्या पानावर महाल नाही. यावर पोरीचं आणि माहं भांडण आहे. ती म्हणते, तिथे घरं एकत्र कुटुंबांची, खाली ठोक माल, वर कुटुंब, बाहेरच्या एकट्या पोराला, त्यातही एकट्या पोरीला खोली मिळत नाही, आणि खोली नाही तं बदल नाही. खरं असेल. पण माह्या मते अजून एक आहे आणि ते लिहायला मी लाजत नाही. इंदोऱ्याकडे पाहा. आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला, गाणारे, लिहिणारे, बुद्धविहार, भाडंही कमी, सगळं आहे, पण तिथला फोटो पुरवणीत लागत नाही. ‘ट्रेंडी’ हा शब्द त्याच भागाला लागतो जिथे आधीच पैसेवाल्यांची वस्ती अर्ध्या कोसावर आहे आणि त्यांची पोट्टी बिनधास्त गाडी लावू शकतात. धरमपेठेच्या बाजूला सिव्हिल लाइन्स आहे. आमच्यासारखे तिघं आउटहाउसमध्ये राहत होते ते बंगल्याच्या मागे, इंदोऱ्यात नाही, हा फरक. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित, छापा तरी.

गेल्या हिवाळ्यात पोरगी मला त्या कॅफेत घेऊन गेली. तिला पगार झाला होता, बाबाला कॉफी पाजायची हौस. मी म्हटलं चल.

आत गेलो आणि पाहतच राहिलो. लाइटला टोपी म्हणून सूप टांगलेलं. आपलं पाखडायचं सूप, बांबूचं, मधोमध भोक पाडून बल्ब. भिंतीला बाज उभी टेकवलेली आणि तिच्या सुंभाला चिमट्यानं फोटो अडकवलेले. कोपऱ्यात जातं, त्याच्यावर कुंडी. भिंत मुद्दाम प्लास्टर न केलेली, विटा उघड्या, आमच्या गावात अशी भिंत असली तं पोराच्या लग्नात अडचण येते. आणि आम्ही बसलो ते टेबल म्हणजे सागवानी दरवाज्याची फळी, वर काच, काचेखालून पितळी कडी आणि खिळ्यांची फुलं दिसत होती. मी काचेवरून हात फिरवला. आमच्या वाड्याचा दरवाजा असाच होता. २०११ साली भावाभावांत वाटे झाले, वाडा पाडला, लाकूडवाला ट्रक घेऊन आला, ढाळजेच्या चौकटी, खांब, माडीच्या तुळया, सगळं मिळून त्यानं जे पैसे दिले त्यात एक बोअर झाली आणि तिलाही पाणी लागलं नाही. हा दरवाजा आमचाच होता असं मी म्हणत नाही. आमच्या दाराला खालच्या बाजूला माह्या आजोबांनी कुऱ्हाडीचा घाव घातलेला होता, का घातला तो किस्सा वेगळा आहे, मी टेबलाखाली वाकून पाहिलं तर तसा घाव काही नव्हता. पोरगी म्हणे, “बाबा, तुमी कायले वाकून पाहून राहिले? लोक पाहतात ना.”

मेनूत ‘मिलेट बाउल’ होता, दोनशेऐंशी रुपये. २०२३ हे भरड धान्याचं वर्ष म्हणून युनोनं जाहीर केलं तेव्हापासून ज्वारीला असं इंग्रजी नाव आलं आहे. मागवला. ज्वारीच्या कण्या होत्या बाप्पा. वर डाळिंबाचे दाणे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला. माह्या आईनं कण्या शिजवल्या की आम्ही तोंड वाकडं करायचो, गव्हाची पोळी पाहिजे म्हणून रडायचो, आणि आज मी चमच्यानं त्या खाऊन राहिलो आणि पोरगी फोटो काढून राहिली. चव बरी होती, खोटं कशाला बोलू. मीठ कमी.

मला राग आला नाही, हे नीट लिहा. सूप टांगल्यानं माहं काही गेलं नाही, घरी सूप आता कोणी वापरतही नाही. मला कसंतरी झालं ते बिल पाहून नाही, तं बाहेर आल्यावर. मागच्या गल्लीत आमची रूम पाहायला गेलो होतो. बंगला नाही, आउटहाउस नाही, नळ नाही. चार मजली इमारत, खाली केक, वर जिम. टपरीच्या जागेवर फुटपाथ आणि कुंड्या. आणि पोरीनं तिथेच, कुंडीजवळ उभं राहून सांगितलं की बाबा, मला रूम सोडा लागते.

तिची रूम त्याच भागात होती, दोघी मैत्रिणी एका बीएचकेत, हिच्या वाट्याला साडेनऊ हजार. अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकानं तिच्या वाट्याचे तेरा हजार सांगितले. आता तुम्ही शहरातले लोक तेरा हजार म्हणजे तेरा हजार मोजता, आम्ही क्विंटलमध्ये मोजतो. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये, म्हणजे महिन्याला पावणेदोन क्विंटल कापूस, तोही हमीभावानं विकला गेला तं, व्यापारी ओलावा सांगून कापतो ते वेगळं. पोरगी स्वतः कमावते, मला काही द्यावं लागत नाही, पण सवयीनं हिशेब होतोच. मालकाचीही मला चूक दिसत नाही. त्यानं काय करावं? शेजारचा गाळा केकवाल्यानं घेतला, याला वाटलं आपली खोलीही तेवढ्याची. तुमच्या पानावर फोटो आल्यावर त्याला अजून वाटेल.

पोरगी सांगत होती की दिल्लीत हौज खासला जरा वेगळं झालं. ते मुळात गावच. शेतजमीन सरकारनं शहरासाठी घेतली, गावठाण तेवढं लाल डोऱ्यात राहिलं, म्हणजे तिथे बांधकामाचे नियम शिथिल. घरं गावकऱ्यांच्याच नावावर. १९८० च्या दशकात बुटीकवाले आले कारण भाडं कमी, मागे तलाव आणि तुघलकाच्या वेळचा मदरसा, मग रेस्टॉरंटवाले आले, भाडं वाढलं तसे पहिले बुटीकवाले निघून गेले. पण गावकरी वरच्या मजल्यावर राहून खालचं भाडं खात राहिले. म्हणजे घर ज्याच्या नावावर तो टिकतो. आमची पोट्टी शहरात कायमच भाडेकरू असतात, सातबारा आमचा इथे, आणि इथल्या सातबाऱ्याला तिथे कोणी चहा पाजत नाही.

आमच्या तालुक्यात हे होत नाही असं समजू नका. शकुंतला, म्हणजे आमची छोट्या रुळांची रेल्वेगाडी, चालू होती तेव्हा मोतीबाग स्टेशनकडे संध्याकाळी फिरायला जाणं ही आमच्याकडची फॅशन होती, नवीन शर्ट शिवला की आधी तिकडे. गाडी बंद झाली, स्टेशनकडे आता शेळ्या. मग बसस्टँडजवळचा रसवंतीवाला भाव खाऊन गेला. आता सगळं बाहेरच्या रस्त्यावर. तिथे ले-आउट पडले आहेत, कमान आहे, नाव असं की वाचताना वाटावं इटलीत आलो, आत वावर, वावरात चुन्याच्या रेषा. कमानीपाशी एक कॅफे उघडला, त्यात पडदे लावलेले कप्पे, त्यामुळे तो वर्षभरही चालला नाही, गावातल्या बापांनीच बंद पाडला, त्यात मीही होतो, आता थोडं वाईट वाटते. पोरांना बसायला जागा पाहिजे होती, पडदे काढून घ्या म्हटलं असतं तं झालं असतं.

तर संपादक साहेब, विनंती एवढी की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा कॉफीच्या भावासोबत खोलीचं भाडंही छापा. मेस किती उरल्या ते छापा. ज्या भागाला तुम्ही हॅपनिंग म्हणता तिथे गावाकडून आलेल्या पोराला-पोरीला किती पैशात राहता येते, आणि महापालिका नाहीतर नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) त्या भागात एखादं साधं होस्टेल काढते का, हे तुमचा पोट्टा विचारून आला तर आम्हाला वाचायला बरं वाटेल. कुत्र्याचा फोटो राहू द्या, कुत्रं चांगलं होतं.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी कॅफेत आम्हाला बाउल आणून देणारा पोट्टा माह्याकडे सारखा पाहत होता. एप्रन काळा, नावाची पट्टी इंग्रजीत. शेवटी बिल ठेवताना हळूच म्हणाला, “काका, तुमी दारव्ह्याकडचे काय?” मी म्हटलं तुले कसं समजलं. म्हणे बोलण्यावरून, मी दिग्रसचा. मी विचारलं, कुठी राहतं रे? तं म्हणे वाडीकडे, अमरावती रोडला, चौघं जण एका रूममध्ये, भाडं परवडते, आणि तिथे नाक्यावर एक चहाची टपरी आहे, रात्री ड्यूटी सुटल्यावर आम्ही सगळे तिथेच बसतो, एक जण गिटार आणतो.

वाडीचं नाव तुमच्या यादीत यायच्या आधी मला एक पोस्टकार्ड टाका, म्हणजे त्या पोट्ट्याला दुसरी रूम पाहायला सांगता येईल.

आपला,
एक वाचक शेतकरी,
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ